तिरोडकरकाकांचे इटालियन पूर्वज

तिरोडकरकाकांच्या हातचा पास्ता खायचा असेल, तर आधी उभे राहावे लागते. शिजवणे झाले की ते पातेल्यावर झाकण ठेवतात, डाव पोटाशी धरतात, डोळे मिटतात आणि खणखणीत आवाजात तीन पूर्वजांचा उच्चार करतात : "थोरले नेपल्सकर! मधले रोमकर! धाकटे नेपल्सकर!" त्यानंतरच झाकण उघडते. या वेळी जो बसून राहील त्याला पास्ता मिळत नाही. माझ्या बाबांनी एकदा गुडघेदुखीची सबब सांगून पाहिली. "मगे गुडघ्याक पास्ता सोसूचो नाय," असे म्हणून काकांनी त्यांच्या ताटात दहीभात वाढला.

अबू धाबीत इलेक्ट्रा स्ट्रीटच्या मागे एका जुन्या इमारतीत आम्ही राहत होतो. समोरच्या दारामागे एका मोठ्या हॉटेलने आपल्या स्वयंपाक्यांसाठी घेतलेली सदनिका होती. त्या हॉटेलच्या इटालियन रेस्तराँत तिरोडकरकाका मुख्य शेफच्या खालोखाल होते. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झाले होते, आणि कोणतेही विधान पुराव्याशिवाय स्वीकारायचे नाही असा माझा बाणा होता. वेंगुर्ल्याकडचा माणूस नेपल्सच्या आचाऱ्यांना पूर्वज म्हणतो, तेव्हा त्याची वंशावळ तपासणे मला कर्तव्यच वाटले.

"काका, हे नेपल्सकर तुमचे कोण?"

"पूर्वज."

"रक्ताचे?"

"सॉसचे. रगात चार पिढ्यांत पातळ होता, सायन्सबाय. सॉस होणा नाय."

सायन्सबाय म्हणजे मी. माझे खरे नाव त्यांनी कधीच घेतले नाही. त्या तीन इटालियन आचाऱ्यांची खरी नावेही त्यांना पाठ होती; पण थोरल्यांचे नाव तोंडाने घ्यायचे नसते, हा त्यांच्या घरचा संस्कार. शिवाय माणसाला आडनाव गावावरून पडावे, हा कोकणचा नियम त्यांनी इटलीलाही लागू करून टाकला होता.

थोरले नेपल्सकर म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समधल्या एका बड्या अधिकाऱ्याचा मुदपाकखाना सांभाळणारे गृहस्थ. टोमॅटोच्या सॉसची पहिली लेखी कृती त्यांची. टोमॅटो निखाऱ्यांवर भाजायचे, साल काढायची, बारीक चिरायचे. मग कांदा, मिरची, मीठ, तेल आणि थोडा शिरका, म्हणजे व्हिनेगर. पास्त्याशी मात्र या सॉसचा अजून संबंध आला नव्हता. तो उकडलेल्या मांसाबरोबर खात. "माझ्या आवशीची चटणीच ती," काका म्हणत. "फक्त आवशीन लिवन ठेवल्यान नाय."

मधले रोमकर त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी झाले. रशियाच्या सम्राज्ञीच्या पदरी स्वयंपाक करून मायदेशी परतलेले. टोमॅटोचा सॉस पास्त्याला लावावा, हे लिहून ठेवण्याचा मान त्यांचा. परक्या मुलखात, परक्यांच्या चुलीवर आयुष्य घालवले म्हणून काका त्यांना "आमचे पयले एनआरआय" म्हणत. आणि धाकटे नेपल्सकर हे एकोणिसाव्या शतकातले उमराव. पण शेवया आणि टोमॅटोचा साधा घरगुती बेत त्यांनी दरबारी भाषेत न लिहिता नेपल्सच्या बोलीत लिहिला. काकांचा सगळ्यांत जास्त जीव त्यांच्यावर. "उमराव आसान मालवणीत लिवल्यान!" हे ते अशा अभिमानाने सांगत की, ऐकणाऱ्याने वेंगुर्ल्याच्या वाचनालयात जाऊन त्या पुस्तकाची चौकशी करावी.

मी हे सारे पडताळून पाहिले. सांगाडा बरोबर निघाला. मात्र काही ठिकाणी काकांनी पदरचे तिखटमीठ घातले होते. थोरल्यांच्या हातात त्यांनी परस्पर मालवणी मसाल्याची बरणी दिली होती. ते मी निदर्शनास आणल्यावर काका शांतपणे म्हणाले, "त्येंका मिळाक नाय. मिळालो आसतो तर घातल्यानी आसतो."

टोमॅटोला ते बेलवांगे म्हणत. हा जुना शब्द आता कोणी वापरत नाही, असे मी म्हटले तर म्हणाले, "म्हणानच तर मी वापरतंय." टोमॅटो येण्यापूर्वी इटलीतली श्रीमंत घरे पास्ता चीज, साखर आणि दालचिनी घालून खात असत, हे त्यांना समजले, त्या दिवसापासून त्यांचा एक सिद्धान्त पक्का झाला होता. कोकणात तांदळाचे शिरवाळे गुळाच्या नारळरसात बुडवून खातात. म्हणजे दोन्ही घराणी मुळात गोड शेवया खाणारी. पुढे दोघांच्याही दारात समुद्रापलीकडून तेच बेलवांगे आले. आपण त्याचे सार केले, त्यांनी सॉस केला. "दोन भाव वायले झाले, इतक्यांच. चूल एकच." भाऊ वेगळे निघाले तरी चूल एकच, हा सिद्धान्त विज्ञानाच्या कसोटीवर टिकणारा नव्हता, आणि तरीही मला तो खोडता येत नव्हता. कारण तो मांडताना काका वाटीत शिरवाळे वाढत असत.

त्यांचा आणखी एक दावा होता : आपली जीभ आंबटपणा मोजते. चमचाभर सॉस जिभेवर ठेवून ते डोळे बारीक करत आणि निकाल देत, "आंबट बसूक नाय अजून." आंबटपणा अजून जागच्या जागी बसलेला नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही असा दिवस नसे. ते केवळ सॉसला लागू नव्हते. शेजारी नवे लग्न झालेले जोडपे भांडले, आंबट बसूक नाय. मी मुलाखतीत फार बोलले, आंबट बसूक नाय. नव्या इमारतीची लिफ्ट मधेच थांबली, तरी तेच. एकदा मी त्यांच्याच सॉसचे दोन नमुने प्रयोगशाळेत नेले. एकाचा आंबट बसला होता, दुसऱ्याचा नव्हता, असे त्यांचे म्हणणे. आम्लतेचे आकडे तंतोतंत सारखे आले. मी मोठ्या विजयाने कागद पुढे केला आणि समजावून सांगितले की सॉस शिजत राहिला तरी आम्ल जात नाही, फक्त गोडी वर येते.

काकांनी कागद न पाहताच विचारले, "तुझा मशीन कधी जेवलाहा?"

"मशीन कसं जेवेल, काका?"

"मग तेका काय कळता!"

हॉटेलात त्यांचा दरारा होता. मिलानहून आलेल्या एका पाहुण्याने सॉस चाखून तो करणाऱ्या शेफला बाहेर बोलावले आणि तुम्ही इटलीत कुठले, असे विचारले. काकांनी टोपी सरळ केली. "सर, नेपल्स स्कूल. व्हाया वेंगुर्ला." मग त्या बिचाऱ्याला त्याच्याच देशाच्या तीन आचाऱ्यांचा इतिहास उभ्याने ऐकावा लागला. तो मनापासून हसला, असे काका सांगत. आम्ही त्याच्या बाजूने कधी ऐकले नाही.

मग २००८ संपत आले आणि मंदी अबू धाबीतही येऊन पोहोचली. आमच्या गच्चीवरून अल रीम बेटावरचे अर्धवट मनोरे दिसत; काहींवरच्या क्रेन एका जागी थिजल्यासारख्या उभ्या राहिल्या. "हयसर तर आंबट घातलाच जास्त," काका गच्चीच्या कठड्याला टेकून म्हणाले. हॉटेलातल्या मेजवान्या रोडावल्या. मुख्य शेफ, जो खरोखरच इटालियन होता, तो सर्वांत आधी गेला. मग केक करणारा फिलिपिनो, मग गोव्याचा ग्रिलवाला. समोरच्या दाराबाहेर चपलांची जी दाटी असे ती विरळ होत गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात रेस्तराँ बंद झाले तेव्हा तिथे काकांचे काळे, जाड तळाचे किचनमधले बूट तेवढे उरले.

व्हिसा रद्द झाला. देशात राहण्याच्या सवलतीची मुदत ईदनंतर लगेच संपत होती. तोपर्यंत नवीन चूल मिळाली तर ठीक, नाहीतर वेंगुर्ला. तिथे त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. काकू लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेल्या होत्या, मूलबाळ नव्हते, आणि आईवडिलांचे घर चुलतभावाच्या ताब्यात होते. काका यातले काही बोलत नसत. हे सगळे आईने त्यांच्याकडून तुकड्यातुकड्याने काढून घेतले होते.

"भाऊजी, मॉलमधल्या त्या नव्या कॅफेत शेफ हवाय म्हणे. जाऊन तर या," आई म्हणाली.

काका गेले. कॅफेचा मालक दिल्लीचा. तो म्हणाला, "शेफजी, रेड सॉस में थोडा क्रीम, थोडा बटर चिकन, ऊपर से चीज मारो. फॅमिली लोग खुश." काकांनी घडी केलेला ॲप्रन पुन्हा पिशवीत ठेवला. "साहब, मेरे घर में तीन बुजुर्ग हैं. उन से पूछना पडेगा." आणि ते परत गेले नाहीत.

"अहो, पण आता नोकरी महत्त्वाची की..." आईने वाक्य अर्धे सोडले.

"वहिनी, मी थयसर भांडी घाशीन. पण माज्या हातान ता करूचंय नाय."

त्या वर्षी पितृपक्ष आणि रमजान एकाच वेळी आले होते. सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी स्वयंपाक चालू असताना काका दारात आले आणि आईकडे केळीची तीन पाने मागितली.

"तुमच्याकडचं चुलतभाऊ करतात ना?" आईने पाने पुसता पुसता विचारले.

"ता घराकडला. ह्यो म्हाळ हयसरलो."

आईला काही कळले नाही, म्हणून ती त्यांच्यामागून गेली, आणि तिच्यामागून मी. समोरच्या स्वयंपाकघरात पातेल्यात लालभडक सॉस रटरटत होता. पुण्यात वाढलेल्या माझ्या आईचा हात कपाळावर गेला. "अहो भाऊजी! श्राद्धाच्या पानावर टोमॅटो? आणि वर कांदा?"

"वहिनी, पान ज्यांचा आसा त्येंनीच तर ता जेवणात आणल्यानी. दुधीची भाजी वाढलंय तर उठान जातले."

तेव्हा मला समजले : तीन पाने त्या तीन इटालियन पूर्वजांची होती. आईने क्षणभर विचार केला, पदर खोचला आणि म्हणाली, "बरं. पण खीर माझी घ्या. साखर-दालचिनी खायचे ना ते?" काकांनी तिच्याकडे असे पाहिले की, जणू तिने त्यांना मुख्य शेफचे पद दिले आहे.

गॅलरीत तीन पाने मांडली गेली. शेवया, सॉस, तुळशीचे पान, बाजूला आईची खीर. अबू धाबीत कावळे आहेत; आपल्याकडच्याच जहाजांवर बसून ते इथे आले, असे मानतात. व्हिसाशिवाय येऊन इथे टिकलेले बहुधा तेवढेच भारतीय. एक कावळा कठड्यावर उतरला. त्याने थोरल्यांच्या पानावर चोच मारली, मग मधल्यांच्या पानावरचा शेवयांचा एक धागा धरला आणि तो उडाला. लांबलचक स्पगेटी त्याच्यामागून पताकेसारखी लहरत समोरच्या बँकेच्या पाटीवरून गेली. "मधले जेवले," काका समाधानाने म्हणाले.

धाकट्यांच्या पानाला मात्र कोणी शिवेना. कावळे येत, मान वाकडी करत, कठड्यावर बसून राहत. आई हात जोडून उभी होती. शेवटी काका पानाजवळ वाकले आणि घरच्या थोरल्या माणसाशी बोलावे तसे हलक्या आवाजात म्हणाले, "मी खंय जावचंय नाय. चूल सोडूचंय नाय. तुमचा नाव रवात."

एक कावळा पुढे आला आणि जेवला. ते पान सर्वांत शेवटी वाढलेले होते आणि त्यातली वाफ तोवर निवली होती, हे माझे निरीक्षण. मी ते कोणालाही सांगितले नाही.

"इतकं का करता हो त्यांचं?" खाली वाकून पाने गोळा करताना आईने विचारले.

"त्येंच्यात मेलेल्यांक जेवूक घालूची रीत नाय, वहिनी. नि आचाऱ्याचा नाव कोण घेता? जेवले, ढेकर दिलो, हात धुवन गेले."

मुदत संपण्याआधी एकच जागा उरली होती : रुवैसच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाजवळ कामगारांची मेस चालवणारा एक ठेकेदार मुख्य स्वयंपाकी शोधत होता. ईदच्या सुट्टीनंतर एक दिवस स्वयंपाक करून दाखवायचा. मला नुकतेच, तिसऱ्या प्रयत्नात, गाडी चालवण्याचे लायसन्स मिळाले होते. मी काकांना घेऊन गेले. अबू धाबीपासून पश्चिमेकडे तो सरळ, वाळूचा रस्ता; काका मांडीवर टोमॅटोची पेटी घेऊन बसले होते. वाटेत ते एकदाच बोलले. मी एका ट्रकला ओलांडले तेव्हा. "आंबट बसूक नाय तुझा अजून."

मेसचे मॅनेजर नायरसाहेब सरळ माणूस होते. पेटी पाहून ते म्हणाले, "शेफ, ये लेबर मेस है. दाल, चावल, सब्जी, चपाती. पास्ता कौन खाएगा?"

"साहब, दाल बनाता हूँ, सब्जी बनाता हूँ. एक ट्रे मेरा भी रहेगा."

"नहीं खाया तो?"

"तो मैं घर जाएगा."

यात बढाई नव्हती. ती वस्तुस्थिती होती. घर म्हणजे कोणते घर, हे मला ठाऊक होते, आणि प्रयोगाचा निकाल माझ्या हातात नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा असह्य झाले.

पाळी सुटली. निळे कपडे घातलेली माणसे थाळ्या घेऊन आली : बिहारची, केरळची, साताऱ्याची, आणि बरीच कोकणातली. ती रांगेत उभीच होती, त्यामुळे उभे राहण्याचा प्रश्न सुटलेला होता. काकांनी डाव पोटाशी धरला, पूर्वजांचा उच्चार केला, झाकण काढले. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. एक जण हळूच म्हणाला, "आचारी देवमाणूस दिसतोय." दुसरा म्हणाला, "नाय रे, येडो आसा."

काटेचमचे मेसमध्ये नव्हतेच. काकांच्या हे ध्यानात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पहिल्या टेबलावरच्या साताऱ्याच्या माणसाने चपातीचा तुकडा मोडून सॉस टिपला. मग त्याने शेवया हातात उचलल्या, मान मागे टाकली आणि वरून तोंडात सोडल्या. शेजारच्याने तसेच केले. मग सगळ्या टेबलांवर मागे झुकलेल्या माना आणि वर उचललेले हात.

मी घाबरून काकांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जो मी त्या हॉटेलच्या चकचकीत किचनमध्येही कधी पाहिला नव्हता.

"सायन्सबाय! बघ, बघ! जुन्या नेपल्सात रस्त्यार उभी रवान मानसा अशीच हातान खायत! काटो मागसून इलो!" त्यांनी माझा दंड इतका गच्च धरला की, तो दुखला. "हॉटेलात इतकी वर्सां कोणी बरोबर खाल्ल्यान नाय गो!"

ट्रे रिकामा झाला. नायरसाहेबांनी डाळ चाखली, पुन्हा चाखली आणि म्हणाले, "दाल फर्स्ट क्लास. यल्ला, चलो, पेपर भेजो." दारापर्यंत जाऊन ते वळले. "और वो सेवई, हर जुम्मे को."

काका रुवैसला राहायला गेले. नंतर आम्ही तो फ्लॅट सोडला. अर्धवट मनोरे पूर्ण झाले आणि त्यांतल्याच एका मनोऱ्यात, अल रीमवर, आज मी राहते. काही वर्षांनी अन्नसुरक्षेची तपासनीस म्हणून मला रुवैसच्या त्या मेसवर जाण्याचा योग आला. मी मुद्दाम शुक्रवार निवडला.

काका थकले होते, चष्म्याची काच जाड झाली होती. पण सॉसच्या पातेल्याजवळून हलत नव्हते. डाव आता परब नावाच्या मालवणच्या माणसाकडे होता. हा परब पूर्वी अल रीमच्या बांधकामावर मचाणे बांधत असे. काम थांबल्यावर इकडे आला आणि काकांनी त्याला चुलीशी ओढले. स्वयंपाकघराचे तापमान, शीतगृह, पाण्याचे नमुने, सगळे तपासून मी जेवणघरात आले. रांग दारापर्यंत गेली होती. मीही थाळी घेऊन तिच्या शेवटी उभी राहिले.

परबाने डाव पोटाशी धरला. "थोरले नेपल्सकर!" सगळी रांग म्हणाली, थोरले नेपल्सकर. बिहारची माणसेसुद्धा. "मधले रोमकर! धाकटे नेपल्सकर!" रांग मागोमाग गरजत होती. मग झाकणाकडे हात न नेता परबाने श्वास घेतला.

"आणि आमचे तिरोडकर!"

"आमचे तिरोडकर!" जेवणघर दुमदुमले.

काका ताडकन वळले. "रे मेल्या! मी जिवंत आसंय अजून! जित्या माणसाक पितरांच्या रांगेत बसवतंस?"

"काका, मेल्यावर तुमका ऐकाक येवचा नाय," परब म्हणाला. "म्हणान आताच घेतलंव."

कोणीतरी हसले, मग कोणीच हसले नाही. काकांनी स्वतःच झाकण उचलले, चमचा बुडवला, सॉस जिभेवर ठेवला आणि डोळे बारीक केले. इतक्या वर्षांच्या सवयीने मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली.

"बसला," काका म्हणाले.

आणि झाकण पुन्हा पातेल्यावर ठेवून ते तसेच उभे राहिले. आता वाढायचे असते, हे त्यांच्या लक्षातच नव्हते. रिकाम्या थाळ्या घेऊन सगळी रांग उभी होती. मीही उभी होते. घाई कोणालाच नव्हती.